बाटलीकाका आणि शंभर दिवसांची बाटली

बाटली धुवावी तर बाटलीकाकांनी. बाकीच्यांनी ती नुसती ओली करावी. सव्वीस वर्षं हा माणूस एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत दोन नळांच्या मोरीपुढे उभा राहिला, आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून फुटलेल्या काचा एका हाताच्या बोटांवर मोजल्या तरी एक बोट शिल्लक राहील. आधी साबण, मग ब्रश. बाटलीच्या खांद्याशी ब्रश वळवायची त्यांची एक खास लकब होती, हलक्या हाताने कान कोरावा तशी. मग नळाचं पाणी तीनदा, आणि शेवटी यंत्रातून वाफ करून थेंबथेंब जमवलेलं पाणी तीनदा. त्याला ते कोरं पाणी म्हणायचे. "नळाच्या पाण्यात क्षार असतात," ते नव्या माणसाला गुपित सांगितल्यासारखं सांगत, "जिभेला कळत नाहीत, पण बाटलीला कळतात." मग बाटली उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि मिशीतल्या मिशीत म्हणायचं, "झाली आंघोळ!"

मिशी मात्र बघण्यासारखी. डोक्यावरचे केस केव्हाच रजेवर गेले होते, पण ओठावर पांढरीशुभ्र, भरघोस, दोन्ही टोकांना किंचित वळलेली अशी मिशी होती आणि तिची निगा ते बाटल्यांइतकीच राखत. त्या मिशीचं पुढे काय झालं तेच तर सांगायचंय. पण आधी शाईचं सांगायला हवं, नाहीतर मिशीची गंमत कळायची नाही.

त्या प्रयोगशाळेत एक काळा द्रव बनायचा. त्याला सगळे शाई म्हणत, पण लिहिण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लोखंडाच्या गंजाचाच एक काळा भाऊबंद असतो, त्याचे कण. इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारोंनी उभे राहतील. ते पाण्यात तरंगत ठेवायचे. बशीत शाई घेऊन खालून चुंबक लावला की सपाट काळं पाणी सरसरून उभं राही, फणसासारखे काटेच काटे. चुंबक काढला की पुन्हा गरीब गाय. यंत्रांच्या फिरत्या दांड्यांभोवती भरायला म्हणून त्या शाईला मोठी मागणी होती. अट एकच, शाई बसता कामा नये. बसली म्हणजे कण तळाला गेले, वर पाणी राहिलं, आणि माल मोरीत.

काकांना हे सगळं त्यांच्या लेकीने समजावलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. पोरगी हुशार, शिकली, आणि त्याच प्रयोगशाळेत तात्पुरती सहायक म्हणून लागली. एका संध्याकाळी ती इंजेक्शनच्या बाटलीएवढी एक कुपी घेऊन घरी आली.

"बाबा, बघ. माझी अकरावी तुकडी. आजच बनवली."

"लोखंड ना हे? मग बुडत कसं नाही?"

"प्रत्येक कणावर वीज चढवलीय. सगळ्यांवर एकाच जातीची. एक कण दुसऱ्याजवळ गेला की तो त्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला ढकलतो. कोणी कोणाला चिकटत नाही, म्हणून कोणी बुडत नाही."

"म्हणजे भांडण चाललंय तोवर तरंगतायत!"

"भांडण नाही रे. अंतर."

काकांनी कुपीवरची चिठ्ठी वाचली. तुकडीचा आकडा, तारीख, लेकीची सही आणि कोपऱ्यात एक बारीकशी आडवी रेघ. बुच लाखेने बंद. लेकीने बनवलेली वस्तू म्हणून त्यांनी ती खिडकीत, दाढीच्या सामानाशेजारी ठेवली, आणि रोज सकाळी मिशी कातरताना ते तिच्याकडे बघून घेत.

आता एक गोष्ट प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक नव्हती, निदान बापलेकींची तशी समजूत होती. ही दोघं बापलेक आहेत, हे तिथे त्यांनी लपवून ठेवलं होतं.

झालं असं होतं की लेक अर्ज द्यायला गेली तेव्हा कारकुनाने पान खात, मान वर न करता विचारलं होतं, "आत नात्यातलं कोणी? असलं तर आत्ताच सांगा. एका घरातली दोन माणसं चालत नाहीत इथे." पोरगी घाबरली आणि नाही म्हणून बसली. काकांनी पाठ थोपटली. "बरं केलंस. माझं खरं नाव इथे कोणाला ठाऊक आहे? मी तर सगळ्यांचा बाटलीकाका!" आणि ते खरंही होतं. सव्वीस वर्षांत त्यांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठेही उरलं नव्हतं.

तेव्हा पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, लेक मोरीपाशी आली. हातात बाटली. "ओ बाटलीकाका, ही धुतलीय की नुसती पाण्याला दाखवून आणलीय?"

सगळी खोली हसली. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण आतून असे खूश झाले म्हणता, काय वठवलंय पोरीने! घरी येऊन दोघं पोट धरून हसले.

"लागलं का रे, बाबा?"

"छे! उद्या आणखी जोरात बोल. शंका येता कामा नये."

ती बोलली. रोज बोलली. पहिलं वर्षभर घरी आली की आधी विचारायची, लागलं का म्हणून. दुसऱ्या वर्षी विचारायचं राहून जाऊ लागलं. तिसऱ्या वर्षी तर घरीही पेला उजेडाकडे धरून बघायची आणि डाग दिसला की काही न बोलता काकांपुढे ठेवायची. काका धुऊन द्यायचे. सवयीचा हात, त्याला घर काय आणि मोरी काय!

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. विद्वान बाई, देशोदेशी जाऊन आलेल्या, आणि जीभ अशी की काच कापावी. त्यांचे दोन छंद. एक, फळीवरची एकही बाटली अर्धी दिसलेली त्यांना खपत नसे. "अर्धी बाटली म्हणजे अर्ध्या डोक्याची माणसं," असं म्हणत. त्यामुळे काकांची वर्षानुवर्षांची रीत अशी की दोन अर्ध्या दिसल्या की एकीत दुसरी ओतायची, रिकामी झालेली धुऊन टाकायची. साबणाचं पाणी, स्पिरिट, सगळं याच रीतीने चालत आलेलं. दुसरा छंद म्हणजे काका.

"काका, हा डाग तुमच्या आजोबांच्या वेळचा दिसतो," असं म्हणून त्या चंचुपात्र हवेत धरत आणि मग न चुकता लेकीकडे वळत. "तुला काय वाटतं ग? काय करावं यांचं?"

इतकी माणसं असायची, पण विचारायच्या लेकीलाच.

"सगळ्या परत धुवायला लावा, बाई," लेक म्हणायची.

"सगळ्या? बिचारे म्हातारे आहेत."

"मग जमत नसेल तर घरी बसावं त्यांनी."

मोठ्या बाई इतक्या प्रसन्न हसत की काकांनाही वाटे, चला, पोरीवर बाईंची मर्जी आहे.

मर्जीची गरजही होती. कायम सहायकाची एक जागा निघाली होती आणि बाईंनी लेकीपुढे अट ठेवली होती. तुझ्या अकराव्या तुकडीची बाटली शंभर दिवस फळीवर उभी राहू दे. शंभराव्या दिवशी समिती येईल. तळाला चिमूटभर गाळ दिसला नाही तर जागा तुझी, दिसला तर तात्पुरती नोकरीही गेली. लेक दर दहा दिवसांनी बाटलीतून थोडी शाई काढून मापायची आणि घरी येऊन आकडे सांगायची. काकांना आकडे कळत नसत, पण तिचा चेहरा कळे. साठ दिवस झाले, सत्तर झाले, नव्वद झाले. शाई जशीच्या तशी. काकांच्या घशाखाली घास जरा सुखाने उतरू लागला.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी बाई मोरीपाशी आल्या. "परवा समिती आहे. फळीवर एक जरी अर्धी बाटली दिसली, तर काका, तुम्हालाच त्या बाटलीत भरीन."

काका कामाला लागले. फळी पुसली, बाटल्या ओळीने लावल्या आणि लेकीच्या बाटलीपाशी थबकले. नमुने काढून काढून ती अर्ध्यावर आली होती. समिती काय म्हणेल? बाई काय म्हणतील? पोरीच्या परीक्षेची बाटली, आणि तीच अर्धी! शेजारच्या फळीवर दुसऱ्या गटाची एक बाटली होती. तीही अर्धी. तीही शाईच, तशीच काळी, तशीच पातळ. त्यांनी दोन्ही हलवून पाहिल्या, नाकाशी धरल्या. काही फरक नाही. चिठ्ठीच्या कोपऱ्यात आडव्या रेघेऐवजी एक उभीआडवी फुली होती, पण असल्या बारीक खुणा बाटली धुणाऱ्याला कोण समजावून सांगतो? त्यांनी नरसाळं घेतलं, एक थेंब न सांडता बाटली गळ्यापर्यंत भरली, बुच लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. कशी भरदार दिसत होती!

मग हातातली रिकामी बाटली धुऊन ते परत आले, आणि जागच्या जागी खिळले.

दूध नासावं तशी शाई फाटली होती. काळ्याचे गठ्ठे होऊन खाली चालले होते. डोळ्यांदेखत वर स्वच्छ पाणी उघडं पडत होतं, बोटभर, दोन बोटं, चार बोटं. अठ्ठ्याण्णव दिवस जिला बसायला सवड झाली नव्हती, ती पाच मिनिटांत बसली.

लेक आत आली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"काय ओतलंस?" तिने बाटली उजेडाकडे धरत विचारलं.

"शाईच ग. ही, शेजारची."

तिने रिकाम्या बाटलीवरची फुली पाहिली आणि स्टुलावर बसली. "ती उलट्या जातीची आहे, बाबा. माझ्या शाईवर ऋण वीज, तिच्यावर धन. आपापल्या बाटलीत दोघी वर्षभर राहिल्या असत्या. एकत्र केलंस की अंतरच राहत नाही. मिठी मारून बुडतात."

"मला काय ठाऊक..."

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. लेक ताडकन उठली, आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की काचेची भांडी किणकिणली, "अक्कल गहाण ठेवलीय का, काका? कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

दारात मोठ्या बाई. बाटली पाहिली, काकांना पाहिलं, लेकीला पाहिलं. "अरेरे," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि गेल्या.

संध्याकाळी घरात चूल थंड. लेक भिंतीकडे तोंड करून बसलेली. काका खिडकीशी उभे राहून उगाच मिशी कुरवाळत होते, आणि त्यांची नजर कुपीवर गेली. उचलली. उजेडाकडे धरली. एक डोळा मिटला. तळ स्वच्छ! काळी कुळकुळीत, जशी आली तशी.

"अग, ही आहे ना! तीच तुकडी, तीच तारीख, तुझी सही, लाखेचं बुच. हिलाही परवा शंभर दिवस होतात!"

लेकीने वळून पाहिलं. डोळ्यांत एकदम चमक आली आणि तशीच विझली. "इथे कशी आली म्हणून विचारतील."

"मी चोरली म्हणून सांगेन."

"कशाला चोरली विचारतील."

काकांना हसूच आलं. "कलप वाटला म्हणून सांगतो! काळी दिसली, नेली केसांना लावायला."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. आता ही म्हणणार, नको बाबा, तू चोर ठरशील, जाऊ दे ती जागा. काका त्यावर काय बोलायचं याची मनात जुळवाजुळवसुद्धा करू लागले.

"मिशीला म्हण," लेक म्हणाली. "डोक्यावर केस नाहीत तुझ्या. पटणार नाही."

शंभराव्या दिवशी समिती आली. तिघं जण, मधला चष्मेवाला. लेकीने फाटलेल्या शाईची बाटली पुढे ठेवून झालेली चूक सांगितली, चुकणाऱ्याचं नातं तेवढं सोडून. मग काका पुढे झाले, कुपी टेबलावर ठेवली आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. समितीने कुपीवर दिव्याचा उजेड टाकून पाहिला, चुंबक लावून पाहिला, बुच तपासलं, सही ताडली. तिघांनी माना डोलावल्या. शाई उभी होती. जागा लेकीची झाली.

इथे गोष्ट संपली असती तर काकांनी पेढे वाटले असते. पण मोठ्या बाई खुर्चीत रेलून म्हणाल्या, "मिशीला, नाही का? मग लावून दाखवा की, काका. आम्हालाही कळू दे, कशी दिसते."

चष्मेवाल्याने आधीच हसायला सुरुवात केली. काकांनी लेकीकडे पाहिलं. ती कागद नीट करत होती. त्यांनी कुपीची लाख फोडली, शाई बोटावर घेतली आणि मिशीवर फिरवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"वा! वीस वर्षांनी तरुण. आता तो मोठा चुंबक आण ग."

तो चुंबक मुठीएवढा होता आणि लोखंडी कपाटाला चिकटला की दोन माणसं ओढायला लागत. लेकीने तो आणला.

"धर त्यांच्या तोंडासमोर. जवळ. अजून जवळ."

आणि मिशी उठली! एकेक केस ताठ, खिळ्यासारखा पुढे आला, टोकाला काळे काटे फुटले. साळिंदर बघावं तसं सगळे बघायला लागले. केसांच्या मुळाशी अशी ओढ बसली की काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान मागे घेतली असती तर मजा गेली असती, म्हणून ते उभे राहिले. चष्मेवाला हसून हसून चष्मा काढून डोळे पुसत होता. लेकही हसत होती, जितकं हसायला हवं तितकंच. चुंबक धरलेला तिचा हात मात्र जरासुद्धा हलला नाही. चांगल्या सहायकाचा हात हलत नाही.

"पुरे," बाई म्हणाल्या. "पण चोरी ती चोरी. काका, आजपासून घरी. तक्रार तू लिही ग. आता कायम आहेस, लिहायला शिक."

लेकीने सुबक अक्षरात तक्रार लिहिली. एका जागी पेन थांबलं. "बाई, बाटलीकाका असं लिहिलं तर चालेल?"

"पूर्ण नाव हवं. ठाऊक नसेल तर हजेरीपटात बघ."

आणि पोरगी उठली, कारकुनाच्या टेबलापाशी गेली, हजेरीपट उघडला, ओळीवर बोट ठेवून बापाचं नाव बघून आली आणि तिने ते लिहिलं.

दुपारी काका फाटकाशी पोचले तेव्हा मागून मोठ्या बाई आल्या. हातात काकांचा बाटल्यांचा ब्रश. "हा राहिला तुमचा." काकांनी घेतला.

"लेक हुशार आहे तुमची," बाई म्हणाल्या.

काका गर्रकन वळले. "बाई, तुम्हाला..."

"तिच्या अर्जावर बापाचं नाव आहे. हजेरीपटावरही तेच आहे. मला वाचता येतं, काका. पहिल्या दिवसापासून."

"मग तो नियम? एका घरातली दोन..."

"नियम?" बाईंना खरंच नवल वाटलं. "मघाशी हसून चष्मा काढला तो माझा सख्खा भाऊ, इथल्याच वरच्या कचेरीत बसतो. असा नियम असता तर निम्मी प्रयोगशाळा ओस पडली असती. कारकुनाला खोड आहे, नव्या पोरींना भिववायची."

"मग एकदा तरी सांगायचं, बाई. तीन वर्षं..."

"मजा येत होती," बाई सरळ म्हणाल्या. "आणि हे बघा, तुम्हाला बोल असं मी तिला एकदाही सांगितलं नाही. मी फक्त विचारत होते."

काका चालत घरी आले. मिशी साबणाने धुतली, नळाच्या पाण्याने तीनदा, पिण्याच्या पाण्याने तीनदा. पांढऱ्या केसांत बसलेलं काळं निघेना. राखेसारखी मिशी घेऊन ते खिडकीशी बसले. कुपीच्या जागी धुळीत एक गोल राहिला होता.

बाईंचं बोलणं लेकीला सांगायचं की नाही, याचा त्यांनी दुपारभर विचार केला. कळलं तर पोर मोडून जाईल. फुकट बोललो बापाला, असं जन्मभर डाचेल तिला. नाहीच सांगायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

लेक आली ती नेमणुकीचं पत्र घेऊन. ते फळीवर नीट ठेवलं. मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं. "गेलं नाही?"

"नाही."

"एवढा वेळ उभं कशाला राहायचं पण? मान काढून घ्यायची ना. सगळे हसत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

तेव्हा मात्र काकांच्या मनात काहीतरी फिरलं. दिवसभर गोंजारलेली दया एका फटक्यात संपली आणि त्यांना हवं झालं की हिलाही लागावं. ते मुद्दाम सावकाश म्हणाले, "तो नियम आहे ना, एका घरातल्या दोन माणसांचा? तसा नियमच नाही. कधीच नव्हता. मोठ्या बाईंनी सांगितलं आज."

आणि ते तिचा चेहरा बघायला पुढे झुकले.

लेक चप्पल काढत होती. दुसरी काढून तिने दोन्ही कोपऱ्यात जोडून ठेवल्या.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षीच कळलं होतं."

"दुसऱ्या वर्षी? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? उठून सगळ्यांना सांगू, की ते मोरीवर उभे असतात ते माझे बाबा?" आवाजात राग नव्हता, तिला ते उगाळायचा कंटाळा आला होता इतकंच. "तसंच बरं चाललं होतं."

ती पाणी प्यायला माठाशी गेली. पेला उचलला, सवयीने खिडकीच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, आणि काकांपुढे आणून ठेवला.

"नीट धुतला नाहीत."

काका उठले. बाईंनी दिलेला ब्रश कोनाड्यात होता, तो घेतला. पेला साबणाने धुतला, काठाशी ब्रश हलकेच वळवला, मग पाणी तीनदा, पुन्हा तीनदा. उजेडाकडे धरून पाहिला. डाग नव्हता. आधीही नव्हता. त्यांनी पेला भरून तिच्या हातात दिला.